मतदार यादीत मोबाईल नंबर नसतो, मग यांच्याकडे आला कुठून?

उंबरठा

मंडळी, १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान आहे. २०१७ नंतर पहिल्यांदाच होतंय, तेव्हा सगळ्यांच्या अंगात आलंय हे समजू शकतो. पण सध्या माझा फोन माझा राहिलेला नाही. सकाळी दूध तापत ठेवलं की "नमस्कार, मी तुमचा हक्काचा उमेदवार बोलतोय." ऑफिसात मीटिंग सुरू झाली की "आपल्या प्रभागाच्या सर्वांगीण विकासासाठी." दुपारी आईच्या फोनवर तेच. ती बिचारी रेकॉर्डिंगला "हो का? बरं बरं. घरी आई कशी आहे तुमची?" असं विचारते आणि समोरचा उत्तर न देता ड्रेनेजवर बोलत राहतो याचं तिला वाईट वाटतं.

पुण्यात चार सदस्यांचा प्रभाग. म्हणजे एका पॅनेलचे चार उमेदवार, चौघांचे चार फोन, वर पॅनेलचा एकत्र फोन, वर वरच्या साहेबांचा फोन. त्यात कुठे युती आहे, कुठे मैत्रीपूर्ण लढत आहे, आणि ज्यांना तिकीट मिळालं नाही ते अपक्ष उभे आहेत. हिशोब तुम्हीच करा.

हे एकवेळ सोसलं असतं. पण परवा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला त्यात माझं संपूर्ण नाव, यादी भाग, अनुक्रमांक, मतदान केंद्र, खोली, आणि त्याखाली आईचं आणि बायकोचंही सगळं. यादी सार्वजनिक असते, मान्य. यादीत मोबाईल नंबर मात्र नसतो. माझ्या नावाला माझा नंबर चिकटवला कोणी? डीएनडी (नको असलेले फोन थांबवायची नोंद) केव्हाच लावलंय. उपाय माहीत असेल तर सांगा. "फोन बंद ठेवा" हा उपाय सांगू नका, तो बायकोने सांगून झालाय.

खवचट_माई

उमेदवाराच्या आईची चौकशी करणारी शहरातली एकमेव मतदार म्हणून तुमच्या मातोश्रींचा जाहीर सत्कार व्हायला हवा. शाल-श्रीफळाचा खर्च पॅनेलकडून.

लोकलवाला

मुंबईत एका वॉर्डात एकच नगरसेवक, त्यामुळे तुमच्यापेक्षा सुखी असायला हवं होतं. नाही आहोत. परवा सकाळच्या गाडीत एकाने चुकून स्पीकरवर घेतला. तो बंद करेपर्यंत शेजारच्याचा वाजला, तोच आवाज. मग दारातल्याचा. दादर येईपर्यंत "माझ्या बंधू आणि भगिनींनो" डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतं. लोक हसून हसून गार.

नियमबुक

उंबरठा, डीएनडीबद्दल गैरसमज फार आहेत. १९०९ वर तुम्ही जी पसंती नोंदवता ती ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमावलीखाली, आणि त्या नियमावलीचा विषय आहे 'व्यावसायिक संदेश', म्हणजे माल किंवा सेवा विकण्यासाठी केलेला फोन वा एसएमएस. मत मागणं त्यात बसत नाही. त्यामुळे डीएनडी लावूनही कर्जवाले (निदान कागदावर) थांबतात, उमेदवार थांबत नाहीत.

दुसरं, लोक १९५० ला फोन लावून किंवा सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार करून बसतात. ते भारत निवडणूक आयोगाचं. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्ही आयोग वेगळे. यादी मात्र विधानसभेचीच वापरतात, या वेळी १ जुलै २०२५ ची, ती प्रभागांप्रमाणे फोडतात. ती यादी इच्छुक असो की पत्रकार, कुणालाही मिळते. त्यात नाव, वय, लिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक. मोबाईल नाही, जन्मतारीख नाही. तेव्हा तुमचा मूळ प्रश्न रास्त आहे.

खवचट_माई

"मत मागणं हा व्यवसाय नाही" हे गृहीतक एकदा तपासून घ्यायला हवं.

मधली आळी

फोन नव्हते तेव्हाचं सांगतो. रिक्षाला दोन भोंगे, "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का", आणि मागे आम्ही पोरं बिल्ले गोळा करत धावायचो. सगळ्या पक्षांचे बिल्ले एकाच शर्टावर लावायचे, निष्ठेची भानगड नाही. भिंती तर विचारूच नका, आमच्या वाड्याच्या भिंतीवर आजोबांनी "येथे जाहिरात लावू नये" लिहिलं होतं, त्याच्या बरोबर खाली पंजा की नांगर काहीतरी रंगवून गेले होते.

पण म्हणून ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. ऐन परीक्षेत रात्री बारापर्यंत भोंगा. मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून शेषन आले आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की आचारसंहिता नावाची काही वस्तू असते. तेव्हा खिडकी लावून घेता यायची एवढंच. आता खिडकी खिशात आहे.

बोरकूट

+१ मधली आळी. रच्याकने (बाय द वे), निवडणूक संपेपर्यंत फोनच्या लॉक स्क्रीनवरही उमेदवार दिसायला लागले तर नवल नाही. सध्या तिथे मला चपलांची जाहिरात दिसते. फोन माझ्या पैशाचा, जाहिरात त्यांची.

पडद्यामागचा

बराच काळ नुसता वाचक आहे, पण हा विषय पोटापाण्याचा आहे म्हणून लिहितो. गेल्या काही निवडणुकांत मी उमेदवारांच्या 'वॉर रूम'साठी याद्या तयार करण्याचं काम केलंय. (वॉर रूम म्हणजे मंगल कार्यालयाच्या मागची खोली, पाच लॅपटॉप, एक कुलर आणि वडापावचे कागद.) पक्ष कोणता विचारू नका, जो पैसे देतो त्याचं काम.

यादी पीडीएफमध्ये मिळते, पण ती चित्रासारखी, मजकूर उचलता येत नाही. ती आधी सॉफ्टवेअरमधून काढतात, मग मुली बसून दुरुस्त करतात, कारण मशीन 'शिंदे'चं 'शिदे' आणि 'ढोले'चं 'ठोले' करतं. मग आडनाव आणि घर क्रमांक जुळवून कुटुंबं पाडायची. उंबरठा, म्हणून तुमच्या मेसेजमध्ये आई आणि बायको एकत्र आल्या.

आता नंबर. लोकांना वाटतं मोठ्या कंपन्यांकडून डेटा विकत घेतात. तसंही होतं, पण तो माल रद्दी असतो, अर्धे नंबर बंद. खरा, ताजा, नावासकट नंबर तुम्ही स्वतः देता. सोसायटीच्या सेक्रेटरीकडची यादी. गणपतीच्या वर्गणीचं पावती पुस्तक. मोफत डोळे तपासणी शिबिर. देवदर्शन यात्रेची नोंदणी. आणि सगळ्यांत भारी म्हणजे पैठणीचे खेळ. त्याच्या लकी ड्रॉचं कूपन नीट आठवून बघा: नाव, फ्लॅट, मोबाईल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, घरात मतदार किती. सोडतीला फक्त नाव पुरतं. बाकी सगळं आमच्यासाठी. एका संध्याकाळी चार पैठण्या आणि एक मिक्सर वाटला की अख्ख्या पेठेचा डेटा हातात, आणि वर बायका नाव घेऊन, नाचून खूष होऊन जातात.

वाढदिवसाला नगरसेवकाचा शुभेच्छा संदेश न चुकता येतो ना? तो तिथून.

उंबरठा

बायकोला आत्ता हा प्रतिसाद वाचून दाखवला. मागच्या संक्रांतीला मिक्सर आमच्याकडेच आला होता.

खवचट_माई

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! मग तक्रार कसली करताय, वाटण करा.

जर्सीतली जाई

इथे अमेरिकेत याहून कठीण प्रकार आहे. मतदार नोंदणीच्या वेळी फोन नंबर दिला तर अनेक राज्यांत तो यादीबरोबर प्रचारवाल्यांना मिळतो, आणि तुम्ही मागच्या निवडणुकीत मतदानाला गेलात की नाही हेसुद्धा सार्वजनिक नोंदीत असतं (कुणाला दिलं ते नाही). काही वेळा तर पत्र येतं, त्यात तुमचा मतदानाचा इतिहास आणि शेजाऱ्यांशी तुलना. आणि 'डू नॉट कॉल' यादीतून राजकीय फोनांना इथेही सूट आहे. टेक्स्ट मात्र दिवसभर. फरक एवढाच की तिकडे मत मागतात, इथे पैसे. "मी स्वतः लिहितोय, आज रात्री बारापर्यंत ५ डॉलर दे, नाहीतर लोकशाही संपली." रोज रात्री बारा वाजता संपते, सकाळी परत ५ डॉलर मागायला हजर.

शारजाहून

आणि मतदार नसलात तरी सुटका नाही. मार्च २०२४ आठवा. लोकसभेची आचारसंहिता लागली १६ तारखेला, आणि 'विकसित भारत संपर्क' नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर सरकारी कामगिरीचं पत्र येतच राहिलं. इकडे आखातातल्या परदेशी नागरिकांनाही ते गेल्याच्या बातम्या होत्या. २१ मार्चला आयोगाने ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. खुलासा असा आला की पत्रं आचारसंहितेआधीच पाठवली होती, काही नेटवर्कमुळे उशिरा पोचली. पोस्टमन पावसात अडकला हे कारण ऐकलं होतं, व्हॉट्सअ‍ॅप अडकलेलं पहिल्यांदाच.

झेंडेवाला

इथे सगळे एका बाजूनेच बोलताहेत म्हणून लिहितो. मी कार्यकर्ता आहे. आमचा उमेदवार पैसेवाला नाही, बायकोचे दागिने गहाण ठेवून उभा राहिलाय. आम्हाला घरोघरीच जायचं असतं. जाऊ द्या की तुम्ही! नव्या इमारतींच्या गेटवर वॉचमन विचारतो, "कुठला फ्लॅट?" अरे बाबा, सगळेच. तर म्हणतो अ‍ॅपवर परवानगी लागेल. ओळखीच्या काकूंचा फ्लॅट सांगितला. काकू भाजी घ्यायला खालीच उभ्या होत्या, फोन वर घरात. आम्ही गेटबाहेर, काकू गेटच्या आत, एकमेकांना हात करतोय, आणि वॉचमन म्हणतो "मॅडमनी अ‍ॅप्रूव्ह केलं नाही." काकूंनी तोंडाने सांगितलं तरी चालेना.

शेवटी माझा फोटो काढला, नंबर घेतला, त्यावर ओटीपी आला, मग एकट्याला सोडलं. तुम्हाला तुमच्या नंबरची काळजी आहे. माझा नंबर आणि थोबाड आता किती सोसायट्यांच्या अ‍ॅपमध्ये आहे ते विचारलंय का कोणी? रेकॉर्डेड कॉल एका माणसाला काही पैशांत पडतो. दार बंद केलंत तर माणूस फोनच करणार.

नियमबुक

झेंडेवाला यांचा मुद्दा मला पटतो. अडचण एकच आहे, जो दारात येतो त्याला मी दोन प्रश्न विचारू शकतो. रेकॉर्डिंगला विचारता येत नाही.

झेंडेवाला

सर, आम्ही दारात येतो तेव्हाही तुम्ही प्रश्न विचारत नाही. "हो हो, तुम्हालाच" म्हणता आणि दार लावता. सगळ्यांनाच म्हणता. आम्हाला काय कळत नाही होय.

अबोली

माझे बाबा जाऊन वर्ष उलटलं. त्यांचा नंबर मी चालू ठेवलाय, बँकेची आणि पेन्शनची कामं अजून त्यावर अडकलीत. नाव कमी करायला नमुना ७ भरून दिला होता, यादीत नाव अजून आहे. परवा त्या फोनवर कॉल आला, रेकॉर्डेडच, पण त्यात मध्येच त्यांचं नाव घेतलं. "नमस्कार अमुक काका, तब्येत बरी आहे ना?" आवाज इतका नेमका, थांबून, प्रेमाने. मशीनने नाव भरलंय हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. आई शेजारी बसली होती. ती उठून आत गेली.

यावर कुठे तक्रार करायची हे कोणी सांगू शकेल का?

पडद्यामागचा

अबोली, वाईट वाटलं. हे नवीन आहे. आधी एकच रेकॉर्डिंग सगळ्यांना जायचं. आता उमेदवार थोडा वेळ बोलून नमुना देतो आणि मशीन त्याच्या आवाजात प्रत्येकाचं नाव घेतं. नावापुढे काका लावायचं की ताई हे यादीतल्या वयावरून आणि लिंगावरून ठरतं. माणूस हयात आहे का हे कुणी तपासत नाही, यादीत आहे म्हणजे आहे.

नियमबुक

अबोली, नमुना ७ चा संदर्भ क्रमांक असेल तर तो घेऊन मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी विचारा, मृत्यू दाखल्याची प्रत जोडा. विधानसभेच्या यादीतून नाव गेलं की पुढच्या वेळी प्रभागाच्या यादीतही येणार नाही. ज्या उमेदवाराचा कॉल होता त्याची तक्रार प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करता येईल. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. म्हणजे या निवडणुकीत त्याचा उपयोग नाही.

माणदेशी

तुम्हा शहरवाल्यांचं बरं आहे, फोन जास्त येतात म्हणून रडता. आमच्याकडं नगरपालिकेचं मतदान २ डिसेंबरलाच झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती गेली २१ तारखेला, कारण काही गावांचं मतदान २० ला ठेवलं. तोवर पेट्या बंद, उमेदवारांची झोप बंद, आणि फोन चालूच! "मतदान केल्याबद्दल आभार" म्हणून. निकालाआधी आभार.

आणि ओटीपीचं काय सांगू. आमच्या चुलतीचं एका योजनेचं ई-केवायसी करायचं होतं. तिचा ओटीपी आला. मग नवऱ्याच्या आधारचा ओटीपी पाहिजे. चुलता कामाला कारखान्यात, तिथं मोबाईल गेटवर जमा करायला लागतो. इकडं चुलती सेतू केंद्राच्या बाकड्यावर, तिकडं ओटीपी लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन घेऊन आकडे सांगितले तोवर मुदत संपलेली. परत पाठवा म्हटलं तर साईट लटकली. शेवटी चुलता एक दिवसाचा रोज बुडवून गावी आला आणि बाकड्यावर तिच्या शेजारी बसला. मत मागायला मात्र ओटीपी लागत नाही.

बोरकूट

शेवटचं वाक्य ___/\___

माणदेशींवरून आठवलं, स्मार्ट मीटर. जून २०२४, लोकसभेचा निकाल लागलेला, विधानसभा डोक्यावर. सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही अशी घोषणा झाली. विधानसभा झाली. २०२५ मध्ये जुना मीटर नादुरुस्त झाला की टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर बसायला लागला. प्रीपेड नाही, पोस्टपेड आहे, तेव्हा घोषणा मोडली नाही म्हणे.

फणसगरे

असहमत. टीओडी मीटरला दिवसा ९ ते ५ च्या वापरावर सवलत आहे. आम्ही गिरणी आणि वॉशिंग मशीन दुपारी लावतो. नवीन दिसलं की विरोध, ही आपली सवयच.

बोरकूट

सवलतीला कोण नाही म्हणतंय? दिवसा घरी कोण असतं ते सांगा. आणि मी किती वाजता गिझर लावतो हे तिसऱ्याला कळावं का, हा प्रश्न राहतोच.

फणसगरे

तुमच्या गिझरमध्ये कोणाला रस आहे हो!

पडद्यामागचा

मला असू शकतो. किती घरांत सकाळी सहाला वीज पेटते हे कळलं तर फोन किती वाजता लावायचा ते ठरवता येईल. (हलके घ्या.)

अ‍ॅडमिन

पक्षांची आणि उमेदवारांची नावं घेऊन केलेले प्रतिसाद उडवले आहेत. मीटरसाठी वेगळा धागा काढा.

खवचट_माई

बाकी संमती न विचारता फोनमध्ये शिरण्यात सरकारही मागे नाही. कोरोनात खोकला ऐकल्याशिवाय फोन लागत नव्हता. मग बच्चनसाहेब सायबर चोरांपासून सावध करायला आले, ते जून २०२५ पर्यंत. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावा, आधी ऐका. डिसेंबरच्या सुरुवातीला तर प्रत्येक नव्या फोनात 'संचार साथी' आधीच टाकून द्यायचा आदेश गाजला, ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ओरडलं की मागे घेतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फणसगरे

माई, तो आदेश चोरीचे फोन शोधण्यासाठी होता. अ‍ॅप वाईट नाही, माझ्या नावावर दुसऱ्याने घेतलेलं सिम मी त्यावरूनच बंद केलं.

खवचट_माई

अ‍ॅप चांगलं असेल तर मी टाकेन की. सासूने न विचारता डब्यात भरलेली कारल्याची भाजीही पौष्टिकच असते.

लोकलवाला

मतदान करून आलो. केंद्राच्या दारात पोलीस, मोबाईल आत नाही. बरोबरच आहे, पण ठेवायचा कुठे? मी एकटा. बाहेरच्या टेबलावरची पोरं म्हणाली, "ठेवा ना काका आमच्याकडे, सांभाळतो." ज्यांच्या फोनला कंटाळून नंबर ब्लॉक केले त्यांच्याच टेबलावर माझा फोन ठेवून आत गेलो. परत आलो तेव्हा स्क्रीनवर त्यांच्याच उमेदवाराचा मिस्ड कॉल. पोरगं म्हणतं, "वाजत होता, आम्ही उचलला नाही."

जर्सीतली जाई

सभ्य पोरं!

मधली आळी

मीही आलो करून. शाई मार्कर पेनने लावली. दुपारपर्यंत नातवाने मला ती पुसून दाखवणारे व्हिडिओ दाखवले. म्हटलं माझी पुसू नकोस, फोटो टाकायचाय.

नियमबुक

स्थानिक निवडणुकांत मार्कर २०११ पासून वापरत आलेत, असं आयोगाचं म्हणणं आहे. पण वाद झाला हे खरं.

उंबरठा

धागा बराच फिरून आलाय, तेव्हा मूळ प्रश्नावर आलो. मतदानाच्या आधीच्या रविवारी दोन पोरं दारात आली. एकाच्या कमरेला छोटा प्रिंटर, दुसऱ्याच्या हातात फोन. नाव सांगितलं की कर्रर्र करून मतदार चिठ्ठी बाहेर, वर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह. म्हटलं, मित्रा, चहा देतो, माझी नोंद दाखव. आधी नको म्हणाला, आई चकल्या घेऊन आल्यावर तयार झाला.

अ‍ॅपमध्ये आमचं घर पिवळं. नाव, वय, नंबर, आईचा नंबर, बायकोचा नंबर, जन्मतारखा. आणि खाली 'शेरा' नावाचा रकाना. आमच्या शेऱ्यात लिहिलं होतं: "कुत्रा आहे. आजी बोलतात. वेळ जातो."

आई भडकली. "वेळ जातो" काढून टाक म्हणाली. त्याने समोर बसून काढला. पडद्यामागचा, पिवळं म्हणजे काय?

पडद्यामागचा

हिरवा म्हणजे आपला, लाल म्हणजे विरोधात, पिवळा म्हणजे काठावरचा. सगळे फोन पिवळ्यांनाच जातात, कारण तिथेच काहीतरी हलण्यासारखं असतं.

बोरकूट

मग सोपं आहे की! सगळ्यांना सांगायचं "तुम्हालाच", सगळ्यांच्या यादीत हिरवे व्हायचं, फोन बंद.

पडद्यामागचा

चुकताय. हिरव्यांना प्रचारात फोन कमी जातात, पण मतदानाच्या दिवशी त्यांच्या मागे हात धुवून लागतात. केंद्रातला प्रतिनिधी यादीत खुणा करत असतो, दुपारी ज्या हिरव्यांवर खूण नाही त्यांची नावं निघतात आणि फोन सुरू. "काका, अजून आला नाहीत? रिक्षा पाठवू?" तुम्ही चार पक्षांकडे हिरवे असाल तर चार रिक्षा.

खवचट_माई

एक येताना, एक जाताना, दोन भाजीला.

बोरकूट

मग लाल कसं व्हायचं?

पडद्यामागचा

दारात आलेल्याला कामाचा हिशोब विचारायचा. पाण्याचं काय झालं, तो रस्ता दोनदा का खणला, त्याचं बिल किती. दोनतीन प्रश्नांत लाल होता. मग कोणी फोन करत नाही.

नियमबुक

हिशोब २०१७ ते मार्च २०२२ पर्यंतचाच विचारा. पुढे प्रशासक होता, ते म्हणतील आमच्या हातात काही नव्हतं.

झेंडेवाला

म्हणतीलच. आणि खरंही आहे ते.

पण मी सांगतो, माझ्या भागात एक आजोबा आहेत, प्रत्येकाला बिल विचारतात, कागद काढून बसतात. सगळ्यांच्या अ‍ॅपमध्ये लाल. त्यांना फोन नाही, मेसेज नाही, पत्रकसुद्धा कोणी टाकत नाही. या वेळी मला म्हणाले, "काय रे, निवडणूक आहे ना? मग माझ्याकडे कोणी कसं आलं नाही?" मी बसलो त्यांच्याकडे तासभर. एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं माझ्याकडे, वहीत लिहून घेतले.

उंबरठा

ते प्रश्न इथे टाका ना. पुढच्या वेळी आईला देतो, ती नाहीतरी रेकॉर्डिंगशी बोलतच असते.

अबोली

नियमबुक, धन्यवाद. कार्यालयात जाऊन आले. संदर्भ क्रमांक सापडला, पोच घेतली. त्यांनी विचारलं, निर्णय कळवायला मोबाईल नंबर द्या. माझा दिला.

खवचट_माई

कूपनवर लिहून दिला नाहीस ना?